झुमाला मारलेली हाक

झुमानं माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि सावकाश वाचलं. तिच्या बोटांना ओली माती होती. कार्डाच्या कडेला दोन ठसे उमटले. वाचून झाल्यावर जत्रेत चुकलेलं आपलं माणूस सापडावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कानाला बोट लावून हात हवेत उडवला. ओठांना बोट लावून पुन्हा उडवला. आणि तेच बोट माझ्याकडे वळवून भुवया उंचावल्या.

तूही?

कार्डावर बंगालीत एवढंच लिहिलेलं होतं : ही मुलगी बोलू शकत नाही. कानांबद्दल त्यात काही नव्हतं. मागे तिचे वडील पातेल्यात रंग ढवळत होते, त्याचा चमचा काठावर वाजत होता. गल्लीत कुणी तरी रेडिओ लावला होता. ते सगळं मला नीट ऐकू येत होतं.

मी मान हलवली. हो, मीही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मिरजेत महिपतबुवांकडे चौदा वर्षं गाणं शिकत होते. त्या हिवाळ्यात माझा आवाज फाटायला लागला. वरच्या षड्जाला गेलं की स्वराच्या जागी नुसती हवा. डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं, स्वरतंतूंवर तांदळाच्या कणीएवढ्या दोन गाठी होत्या.

"तीन आठवडे मौन," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही. ओरडलात तर तंतूत रक्त उतरेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

बुवा म्हणाले, "चैत्रात तुझी मैफल आहे. गप्प बस. बाकीचं मी बघतो."

पण आमच्या घरात गप्प बसणं सोपं नव्हतं. आई विचारायची, "चहा टाकू का? बरं, बोलू नकोस. पण आलं घालू की नको, तेवढं तरी सांग." शेजारच्या काकू येऊन माझ्या घशाकडे बघत बसायच्या. पाचव्या दिवशी मी वहीत लिहिलं, मी कुठं तरी लांब जाते, जिथं मला कुणी ओळखत नाही. धाकट्या भावाची डोंगर चढायची सॅक घेतली, त्यात चार कपडे कोंबले.

"गप्प बसायला लोक हिमालयात जातात," भाऊ म्हणाला. "तू कलकत्त्याला चाललीस?"

मी वहीत लिहिलं, गर्दीत कुणी बोलायला लावत नाही.

ते निम्मंच खरं निघालं. हावडा स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्यानं मला एकच पूल दोनदा दाखवला आणि दुप्पट भाडं घेतलं. भांडायला आवाज लागतो. शोभाबाजारात एक स्वस्त लॉज मिळालं, ते शेफालीदी नावाच्या बाई चालवत. माझी हिंदीतली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, घशाला विश्रांती हवी आहे, असं मी सविस्तर लिहिलं होतं.

"एवढं रामायण कोण वाचणार?" त्या म्हणाल्या आणि एका पुठ्ठ्यावर बंगालीत एक ओळ लिहून, सुतळी ओवून माझ्या गळ्यात घातली. "आता कुणी त्रास देणार नाही."

संध्याकाळी आईचा फोन यायचा. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं आमचं ठरलं होतं. आई बोलत राहायची, मी नखानं फोनवर टिचक्या मारायची. शेफालीदी शेजारी बसून कौतुकानं बघायच्या.

कार्ड घातल्यावर शहर बदललं. ट्राममध्ये माझ्यासमोरच दोन माणसं हिंदीत माझ्याबद्दल बोलत होती.

"दिसायला बरी आहे बिचारी."

"मुकी बायको म्हणजे नवऱ्यानं नशीब काढलं."

दोघं हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, माझे कान मात्र तापले होते. मुक्या माणसाला ऐकूही येत नाही, असं सगळे धरूनच चालतात, हे मला तिथं कळलं. त्याच दिवशी एका म्हातारीनं रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं, ते बाजार संपेपर्यंत सोडलंच नाही. मिठाईवाल्यानं पानावर संदेशाची एक वडी जास्तीची ठेवली आणि बोट वर करून, देवाची मर्जी, अशी खूण केली.

सकाळी नदीवर धुकं असायचं. पलीकडचा काठ दिसायचा नाही. माणसं पायऱ्या उतरून पांढऱ्यात शिरायची आणि डोकं भिजवून परत यायची. मला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. आपण कुणाच्या तरी झोपेत हिंडतो आहोत, असं वाटायचं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच पहाटे उठून मी खर्ज लावत नव्हते, आणि त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

तिसऱ्या दिवशी हिंडत हिंडत मी कुमारटुलीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, शिरले. सरस्वतीपूजा आठ दिवसांवर आली होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या, ओल्या मातीच्या, चुन्यासारख्या पांढऱ्या सरस्वती ओळीनं उभ्या. एकीलाही अजून डोळे नव्हते. एका झोपडीवजा कारखान्याच्या दारात एक मुलगी बसून नुसती बोटं करत होती. मातीची बारीक, निमुळती बोटं ती फळीवर ओळीनं मांडून ठेवायची, मग पाच-पाच एकत्र करून त्यांचा हात जोडायची.

वीणेवर ठेवायचा उजवा हात तिनं केला होता, तो चुकला होता. नमस्काराला निघाल्यासारखी बोटं सरळ होती. तारेला बोट असं लागत नाही. मी न राहवून पुढं झाले आणि तंबोऱ्यावर ठेवते तसा माझा हात हवेत धरला, मधलं बोट जरा पुढं, तर्जनी त्याच्या मागे वाकलेली. ती बघत राहिली. माझा हात तिनं आपल्या हातात घेऊन उलटसुलट केला, आणि पाच मिनिटांत तसाच मातीचा हात केला. मग तिची नजर कार्डावर गेली.

तीच झुमा. वय माझ्याएवढंच असेल. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. वडील सुबल पाल मूर्तिकार. आई नव्हती.

पुढचे चार दिवस झुमानं मला शहर दाखवलं. सकाळी ती काम करायची, मी शेजारी बसून माती मळून द्यायची. दुपारनंतर आम्ही बाहेर पडायचो. तिची भाषा मला पहिल्या दिवशी कळली नाही, दुसऱ्या दिवशी थोडी कळली, तिसऱ्या दिवशी कळते आहे की नाही हे मी विसरून गेले. वडील म्हणजे ओठावरून मिशीसारखं बोट फिरवायचं. ट्राम म्हणजे डोक्यावर एक बोट उभं करून तारेवर घासायचं. स्वतःचं नाव गालावर, तिच्या खळीच्या जागी, दोन बोटं टेकवून. मलाही तिनं नाव दिलं, दोन्ही अंगठे खांद्यांपाशी नेऊन सॅकचे पट्टे ओढायचे. मी, पाठीवर ओझं घेऊन आलेली.

ती माझ्याशी बोलायला लागली की माझ्याकडे तोंड करून उलटी चालायची. त्या गल्ल्यांत, हातगाड्या, हमाल, गाई, सगळ्यांमधून. पाठीला डोळे असल्यासारखी ती चुकवत जायची आणि तिचे हात थांबायचे नाहीत. शेफालीदींबद्दल मी काही सांगितलं की ती त्यांची नक्कल करायची, न बघितलेल्या बाईची, आणि ती हुबेहूब असायची. आम्ही इतक्या हसायचो की लोक बघायचे.

शनिवारी ती मला मैदानावर घेऊन गेली. एका झाडाखाली तीस-चाळीस माणसं जमली होती. ऑफिसातले कारकून, शिंपी, एक नवं लग्न झालेलं जोडपं, काठी टेकत आलेले एक आजोबा. कुणालाच ऐकू येत नव्हतं. दर शनिवारी ते तिथं भेटत. चारही बाजूंना कलकत्ता गर्जत होतं, आणि मध्ये हे लोक भांडत होते, चेष्टा करत होते, कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमवत होते, आणि त्या सगळ्याचा आवाज फक्त कपड्यांच्या सळसळीएवढा होता. झुमानं मला मधोमध नेऊन उभं केलं आणि खांद्यांपाशी अंगठे नेऊन माझी ओळख करून दिली. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी गवतावर बसले. ऊन उतरत होतं. त्या हातांकडे बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. माझ्या मागच्या झाडावर एक कावळा ओरडला आणि त्या सगळ्यांत मी एकटीनंच वर बघितलं. चटकन मान खाली घातली. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानंतर मी खूप सावध झाले. हॉर्न वाजला तरी दचकायचं नाही, कुणी मागून हाक मारली तरी वळायचं नाही. हे किती वाईट होतं ते मला कळत होतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत कुमारटुलीत जात होते.

एकदा वहीवर मी हिंदीत लिहून सांगायचा प्रयत्न केला. तिला हिंदी वाचता येत नव्हतं. तिनं वही बाजूला सारली आणि हातांनी म्हणाली, असं सांग. मला ते असं सांगता आलं नाही. किंवा आलं असतं. कानाला बोट लावून मान हलवायची, एवढंच तर होतं.

रविवारी सकाळपासून मूर्ती निघायला लागल्या. गल्लीत टेम्पो, हातगाड्या, बांबूवर मूर्ती तोललेले हमाल, आणि मूर्ती न्यायला आलेली मंडळी. माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. ते मी झुमाला सांगितलं, तेव्हा तिनं तोंड पाडलं आणि मग एकदम काही सुचल्यासारखी पुढं झाली. उलटी चालत ती मला सांगू लागली. जाऊ नकोस. पूजा होईल, नाच होईल, मग देवीला नदीवर नेतील. तिनं दोन्ही हात छातीशी धरून हळूहळू खाली नेले, पाण्यात सोडल्यासारखे. तोपर्यंत राहा.

तेवढ्यात आमच्या मध्ये एक मूर्ती आली. सहा हमाल ती तिरकी करून नेत होते. मी भिंतीला टेकले. मूर्ती गेली तेव्हा झुमा माझ्यापासून पंधरा-वीस पावलं लांब पोचली होती, अजून माझ्याकडेच तोंड करून, हातांनी अजून पाणी दाखवत. आणि तिच्या पाठीमागून एक टेम्पो गल्लीत मागे मागे येत होता.

"झुमा…"

माझ्या छातीच्या तळातून ती हाक निघाली. सोळा दिवसांनंतरचा माझा पहिला शब्द. चौदा वर्षं कमावलेला सगळा दम त्यात होता. गल्ली गप्प झाली. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला. एका हमालानं झुमाचा दंड धरून तिला बाजूला खेचलं. टेम्पोची फळी तिच्या खांद्याला घासून थांबली आणि ती खाली पडली.

मी धावले. "लागलं का गं? कुठं लागलं? बघू."

तिचं कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसायला लागली होती. मग तिच्या लक्षात आलं की आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघत नाहीयेत. टेम्पोवाला, हमाल, रोज आम्हाला चहा देणारे म्हातारे काका, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अरे, ही तर बोलते," चहावाले काका म्हणाले.

ते तिला ऐकू आलं नाही. पण तिनं त्यांचे चेहरे वाचले, मग माझे ओठ. मी ते मिटले. उशीर झाला होता. ती उठली, साडीची धूळ झटकली, माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं आणि पहिल्या दिवसासारखं पुन्हा वाचलं. मग ते हलकेच परत माझ्या छातीवर ठेवलं, अनोळखी माणसाची पडलेली वस्तू त्याला परत द्यावी तसं. आणि गेली.

लॉजवर आले तेव्हा थुंकीत रक्त होतं. शेफालीदींनी मिठाचं गरम पाणी दिलं. "कुणासाठी ओरडलीस?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघून लगेच म्हणाल्या, "राहू दे. सांगू नकोस."

त्या हाकेचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मिरजेला गेल्यावर डॉक्टरांनी नळी घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. तंतूत रक्त साकळलं होतं. चैत्रातली मैफल झाली नाही. पुढचे आठ महिने मी एक स्वर लावला नाही. आवाज परत आला तो जाडसर, कडेला किंचित खरखरणारा. बुवांनी तंबोरा काळी पाचवरून काळी तीनवर उतरवला. ऐकलं आणि म्हणाले, "हा आवाज कुणाचा आहे ते मला माहीत नाही. पण हा खोटं बोलत नाही." त्याच आवाजात मी आज अकरा वर्षं गाते आहे. काय झालं होतं, असं लोक विचारतात. घशाचा आजार, असं मी सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक पाठीला लावून मी कुमारटुलीत गेले. सुबलबाबू दारात एका मूर्तीच्या भुवया रेखत होते. झुमा आत, तिच्या नेहमीच्या जागी.

"मला तिची माफी मागायची आहे," मी हिंदीत म्हणाले. आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. "तुम्ही तिला सांगाल?"

"सांगेन की. पण ती बघेल तर."

झुमानं मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी ती माती मळत राहिली.

"तिचं दार तेच," सुबलबाबू म्हणाले. "लहानपणी रुसली की दोन-दोन तास डोळे मिटून बसायची. मग कोण काय सांगणार?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सुबलबाबूंनी दुसरी भुवई काढली. मग ते म्हणाले, "मी नागपूरला बारा वर्षं दुर्गा करायला जायचो. काल गल्लीत तुम्ही जे बोललात, ते मला समजलं. लागलं का गं."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुम्हाला ऐकू येतं हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझ्या हातून मागे परात पडली, तुम्ही वळलात. ती वळली नाही."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"ती हसत होती," ते म्हणाले. त्यांनी कुंचला पाण्यात बुचकळला, फडक्याला पुसला. "मी पण तुमच्याएवढाच खोटा, बेटी."

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेरून ढाक वाजवत एक घोळका गेला. झुमाच्या पापण्या एकदा किलकिल्या झाल्या. मी अजून बसलेलीच आहे हे पाहून पुन्हा घट्ट मिटल्या. तिच्या हातातली माती इतकी मऊ झाली होती की बोटांतून गळत होती. शेवटी तिनं डोळे उघडले. माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघितलं आणि हातांनी काही विचारलं.

"विचारतेय, काल तुम्ही काय ओरडलात?"

"तिचं नाव."

सुबलबाबूंनी गालाला दोन बोटं टेकवली. झुमाचे हात झरझर हलले.

"म्हणते, मला ऐकू येत नाही हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग हाक कशाला मारलीस?"

मी उत्तर शोधलं. टेम्पोवाल्याला ऐकू जावी म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते खरं नव्हतं. टेम्पोवाला माझ्या मनातही आला नव्हता.

"त्या वेळी मला आठवलंच नाही," मी म्हणाले. "तिला ऐकू येत नाही, हे."

सुबलबाबूंनी सांगितलं. झुमा हलली नाही. मग तिनं त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. ती माझ्याकडे वळली. खूप वेळानं तिचे हात उचलले गेले, आणि ती जे म्हणाली ते मला समजलं नाही. ती खूण मी शिकले नव्हते.

"काय म्हणते?"

सुबलबाबूंनी घसा खाकरला. "म्हणते, तू विसरलीस."

"हो. विसरले."

"म्हणते, आजपर्यंत कुणीच विसरलं नव्हतं." मग खाली मूर्तीकडे बघत म्हणाले, "म्हणते, माझा बापसुद्धा नाही."

झुमानं बाजूचा मातीचा मोठा गोळा ओढला, त्याचा एक तुकडा तोडला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. वीणेवर ठेवायचे चार हात अजून व्हायचे होते. गाडीला अडीच तास होते. मी पाठीवरची सॅक उतरवून भिंतीशी ठेवली आणि बाह्या वर सारल्या.